चेतापेशी म्हणजे काय? शरीरातला निरोप कसा जातो आणि कुठे अडतो?



रात्री लाईट न लावता पाणी प्यायला उठलात आणि पायाची करंगळी पलंगाला ठेचली, असं आपल्या सगळ्यांचंच कधी ना कधी झालंय. तो क्षण नीट आठवून बघा. आधी एक तीक्ष्ण कळ येते. मग क्षणभर थोडी उसंत मिळते, आणि त्यानंतर ते खरं ठणकणारं दुखणं सुरू होतं. ठेच एकच लागली, पण दुखलं दोनदा. असं का होतं?

कारण करंगळीतून दोन निरोप निघाले. एक जलद वाटेने गेला, दुसरा रमतगमत. हे निरोप नेणाऱ्या पेशींना चेतापेशी किंवा न्यूरॉन म्हणतात. त्या कशा असतात, निरोप कसा नेतात आणि एकमेकींशी कशा बोलतात, हे या लेखात आपण सोप्या भाषेत पाहणार आहोत. शेवटी आणखी एक गोष्ट पाहू, जी शाळेच्या पुस्तकात सहसा नसते: मण्यारचं विष, शेतातली फवारणी, दाताच्या डॉक्टरांचं इंजेक्शन, या सगळ्या गोष्टी निरोपाच्या याच वाटेवर नेमक्या एकेका ठिकाणी काम करतात. ते ठिकाण माहीत असेल तर कधी किती घाई करायची हे कळतं. चला तर मग, सुरुवात करूया.

नस, शीर आणि मज्जातंतू: आधी शब्द नीट समजून घेऊ

बोलताना आपण "नस" हा शब्द कशासाठीही वापरतो. हातावर दिसते ती निळी नस. मानेत दबली ती पण नस. रात्री पोटरीत गोळा आला तर "नसेवर नस चढली". प्रत्यक्षात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हातावरची निळी रेघ म्हणजे रक्त वाहून नेणारी शीर. पोटरीतला गोळा म्हणजे आखडलेला स्नायू. मानेत दबते ती मात्र खरोखर निरोप नेणारी वाट, म्हणजे मज्जातंतू.

मज्जातंतू म्हणजे एक जाड केबल समजा. त्या केबलच्या आत ज्या शेकडो-हजारो बारीक तारा असतात, ती प्रत्येक तार म्हणजे एका चेतापेशीचा लांब शेपटीसारखा भाग.

चेतापेशीची रचना कशी असते?

प्रत्येक चेतापेशीचे साधारण तीन भाग असतात.

१. पेशीकाय: पेशीचं मुख्य घर. यात केंद्रक असतं आणि पेशीला लागणारी बहुतेक प्रथिनं इथेच तयार होतात.

२. वृक्षिका: झाडाच्या फांद्यांसारखे बारीक फाटे. दुसऱ्या पेशींकडून आलेले निरोप मुख्यतः इथे पोचतात.

३. अक्षतंतू: निरोप पुढे नेणारी लांब तार. तिच्या टोकाला अनेक फाटे असतात आणि तिथून निरोप पुढच्या पेशीला दिला जातो.

पेशीकाय डोळ्यांना दिसणार नाही इतकं लहान असतं. पण अक्षतंतू? कमरेजवळ मणक्यातून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे काही अक्षतंतू जवळपास एक मीटर लांब असतात. एकच पेशी, आणि लांबी एक मीटर!

माणसाच्या मेंदूत अशा चेतापेशी किती असतात? पूर्वी सरसकट १०,००० कोटी हा आकडा सांगितला जायचा. २००९ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी मोजणी केली तेव्हा तो साधारण ८,६०० कोटी निघाला.

हा निरोप म्हणजे वीज असते का?

हो आणि नाही. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

मोबाईलच्या डेटा केबलमधून सिग्नल जातो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला लाखो किलोमीटर असतो. चेतापेशीतला सर्वात जलद निरोप सेकंदाला साधारण १२० मीटर जातो. म्हणजे ताशी ४३२ किलोमीटर. वंदे भारत गाडीच्या दुपटीहून जास्त, पण केबलपुढे अगदीच कमी. इतका फरक का? कारण चेतापेशीत वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ वाहत जात नाही. निरोप प्रत्येक टप्प्यावर नव्याने तयार होतो.

लहानपणी काडेपेट्या उभ्या करून त्यांची रांग पाडायचा खेळ आठवतो? पहिली पेटी शेवटपर्यंत धावत जात नाही. ती फक्त शेजारचीला पाडते, ती पुढचीला. चेतापेशीत साधारण असंच घडतं.

आता यातल्या पायऱ्या बघू.

शांत अवस्था: पेशी स्वस्थ असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते. तुमच्या फोनच्या बॅटरीच्या पन्नासाव्या भागाइतका हा दाब. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. हा फरक टिकवण्यासाठी पेशीच्या आवरणात पंप बसवलेले असतात. ते दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतात आणि २ पोटॅशियम आत घेतात.

फाटक उघडतं: आलेल्या निरोपांमुळे हा दाब उणे ७० वरून साधारण उणे ५५ पर्यंत आला, की सोडियमची फाटकं धाडकन उघडतात. सोडियम आत घुसतं आणि आतली बाजू काही क्षणांसाठी धन होते.

फाटक बंद होतं: जेमतेम एका मिलिसेकंदात सोडियमची फाटकं आपोआप बंद होतात. पोटॅशियमची फाटकं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि आतली बाजू पुन्हा ऋण होते.

पुढचं फाटक: एका जागी झालेल्या या बदलामुळे शेजारच्या जागेचा दाब बदलतो आणि तिथली फाटकं उघडतात. नुकतीच बंद झालेली फाटकं थोडा वेळ उघडतच नाहीत, म्हणून निरोप मागे वळत नाही.

हे सगळं नेमकं कसं घडतं हे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये गणितासह मांडलं. त्यांनी प्रयोगासाठी माणूस नाही, तर स्क्विड नावाचा समुद्री जीव निवडला. त्याचा एक अक्षतंतू इतका जाड असतो की त्याच्या आत बारीक तार घालून व्होल्टेज मोजता येतं. १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

जोरात लागलं की हळू, हे मेंदूला कसं कळतं?

निरोप एकतर जातो, नाहीतर जात नाही. अर्धा निरोप नसतो. मोठ्या दुखण्यासाठी मोठा निरोप असंही नसतं. मग फरक कसा कळतो?

मिस कॉलचं उदाहरण घ्या. एक मिस कॉल आला तर तुम्ही नंतर बघता. लागोपाठ दहा आले तर हातातलं काम टाकून फोन लावता. प्रत्येक रिंग सारखीच होती, पण संख्या वेगळी. चेतापेशीही तसंच करतात. हळू स्पर्शाला सेकंदाला थोडे निरोप, जोराच्या दाबाला कितीतरी जास्त. शिवाय जास्त चेतापेशी एकाच वेळी निरोप पाठवू लागतात.

मग ठेच लागल्यावर दोनदा का दुखतं?

कारण सगळ्या तारा सारख्या नसतात. काही अक्षतंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण गुंडाळलेलं असतं. ते सलग नसतं, मध्ये मध्ये छोट्या मोकळ्या जागा असतात. त्यामुळे निरोपाला प्रत्येक इंचावर फाटकं उघडत बसावं लागत नाही. तो एका मोकळ्या जागेवरून दुसरीवर उड्या मारत जातो. जलद लोकल जशी मधली स्टेशनं सोडते, तसंच.

तीक्ष्ण कळ नेणाऱ्या तारांवर पातळ मायलिन असतं. त्यांचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. ठणका नेणाऱ्या तारांवर मायलिन नसतंच. त्यांचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर. करंगळीपासून डोक्यापर्यंतचं अंतर दीड मीटरच्या आसपास धरलं, तर पहिला निरोप पाव-अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो आणि दुसऱ्याला एक-दीड सेकंद लागतो. ती मधली उसंत म्हणजे याच वेगांमधला फरक.

तापलेल्या तव्याला हात लागला तर मात्र शरीर मेंदूच्या उत्तराची वाट बघत नाही. निरोप मेरुरज्जूपर्यंत जातो, तिथूनच स्नायूंना "हात काढ" असा आदेश निघतो. आपण "आई गं" म्हणतो तोपर्यंत हात मागे आलेला असतो.

दोन चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात?

आता सर्वात महत्त्वाचा भाग. एक अक्षतंतू जिथे संपतो आणि पुढची पेशी जिथे सुरू होते, तिथे सहसा त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये साधारण २० ते ५० नॅनोमीटरची फट असते. आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही ती लहान. या जागेला सिनॅप्स किंवा संपर्कस्थान म्हणतात.

मग निरोप फट ओलांडतो कसा? यावर शास्त्रज्ञांमध्ये बरीच वर्षं वाद होता. वीज उडी मारते, की रसायन जातं? १९२१ मध्ये ऑस्ट्रियात ओटो लोवी यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी बेडकाची दोन हृदयं द्रवात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित केला, तशी त्याची धडधड मंदावली. मग त्याच्याभोवतीचा द्रव घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसऱ्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं! म्हणजे निरोप त्या द्रवात होता, रसायनाच्या रूपात. हा प्रयोग आपल्याला झोपेत सुचला, असं लोवी सांगत. १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

ते रसायन होतं ॲसिटिलकोलीन. आपल्या हातापायांच्या स्नायूंना आदेश देण्याचं कामही हेच रसायन करतं. ते असं:

१. विजेचा निरोप अक्षतंतूच्या टोकाला पोचतो.
२. तिथली कॅल्शियमची फाटकं उघडतात.
३. कॅल्शियम आत येताच रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटून रसायन फटीत पडतं.
४. पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहींना ते चिकटतं. ग्राही म्हणजे किल्लीची वाट बघणारं कुलूप समजा.
५. कुलूप उघडलं की स्नायू आकुंचन पावतो.
६. लगेच एक एन्झाइम फटीतलं रसायन तोडून टाकतं, म्हणजे पुढच्या निरोपासाठी जागा मोकळी.

हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आसपास होतं.

मेंदूत यासाठी ग्लुटामेट, गाबा, डोपामाइन, सेरोटोनिन अशी अनेक रसायनं असतात. काही "चल, निरोप पाठव" म्हणतात, काही "थांब" म्हणतात. एका चेतापेशीवर हजारो संपर्कस्थानं असू शकतात. ती या सगळ्या हो-नाहीची बेरीज-वजाबाकी करते आणि मगच निरोप पुढे पाठवायचा की नाही हे ठरतं.

निरोप कुठे कुठे अडतो?

आता आपण सुरुवातीला म्हटलेल्या गोष्टीकडे येऊ. वरची वाट डोळ्यासमोर ठेवा.

तारेच्या आवरणावर हल्ला: कुष्ठरोग

कुष्ठरोगाचे जिवाणू हातापायांच्या मज्जातंतूंमधल्या आवरण बनवणाऱ्या पेशींमध्ये शिरतात. तारा खराब होतात आणि त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, ज्याला स्पर्श कळत नाही. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. न दुखणं हीच इथे धोक्याची खूण आहे. असा बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात जा. औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर जिवाणू मरतात, पण गेलेली संवेदना परत येईलच असं नाही.

सोडियमचं फाटक बंद: दाताचं इंजेक्शन

दात काढण्याआधी लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. ते सोडियमची फाटकं उघडूच देत नाही. पहिली काडेपेटीच पडली नाही तर पुढे काय जाणार? डॉक्टर दात उपटत असतात, पण तो निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. औषधाचा असर संपला की सगळं पूर्ववत.

फाटक उघडंच राहतं: लाल विंचू

कोकणातल्या लाल विंचवाचं विष याच्या उलट करतं. फाटकं वेळेवर बंद होत नाहीत, निरोप थांबतच नाहीत. अंगाला दरदरून घाम येतो, हातपाय थंड पडतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी होऊ शकतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर वापरून दाखवलं आणि असे असंख्य रुग्ण वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कुलूप अडकवलं जातं: नाग

नागाच्या विषातला एक भाग स्नायूवरच्या कुलपात जाऊन बसतो. खरी किल्ली, म्हणजे ॲसिटिलकोलीन, आत जात नाही. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थकतात. इथे डॉक्टर प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन देतात. ते रसायन तोडणाऱ्या एन्झाइमला थोडा वेळ थांबवतं, म्हणजे फटीत किल्ल्या वाढतात.

पाठवणारं टोकच नष्ट: मण्यार

मण्यार बहुतेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटू लागतात. तिचं विष कुलूप तर अडवतंच, शिवाय रसायन पाठवणारी टोकंच निकामी करतं. इथे मुद्दा लक्षात घ्या: प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं, पण खराब झालेली टोकं दुरुस्त करत नाही. ती पुन्हा वाढायला कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोपर्यंत व्हेंटिलेटरवर श्वास द्यावा लागतो. म्हणून "बघू सकाळपर्यंत" म्हणणं जिवावर बेतू शकतं.

सफाई बंद: फवारणीचं विष

ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं फटीत सफाई करणाऱ्या एन्झाइमलाच बंद पाडतात. रसायन साचत जातं, निरोप थांबत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम वाहतो, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वेगवेगळ्या कीटकनाशकांची विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो जण दवाखान्यात होते. ही विषं त्वचेतूनही आत जातात. तोंडाला रुमाल बांधला आणि अंगावरचा भिजलेला शर्ट तसाच ठेवला, तर उपयोग नाही. कपडे लगेच काढा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. ॲट्रोपिन हे औषध वेळेत मिळालं तर जीव वाचतो.

गंमत बघा, नाग चावल्यावर डॉक्टर जे एन्झाइम मोजून-मापून थोडा वेळ थांबवतात, तेच कीटकनाशक बेहिशेबी बंद करतं. एका ठिकाणी औषध, दुसऱ्या ठिकाणी विष.

साप चावला तर काय करावं?

• चावलेला भाग कापू नका, विष चोखू नका, दोरी आवळून बांधू नका.
• माणसाला धीर द्या, हात किंवा पाय हलू देऊ नका. काठी आणि कापडाने सैलसर आधार द्या.
• १०८ ला फोन करा. प्रतिविष आहे का, हे दवाखान्यात आधीच फोन करून विचारा.
• साप मारायला किंवा पकडायला वेळ घालवू नका.
• पावसाळ्यात जमिनीवर झोपणं टाळा. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाय दुमडून बसल्यावर मुंग्या का येतात?
मज्जातंतूवर आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांवर दाब येतो, निरोप नीट जात नाहीत. दाब गेला की तारा काही वेळ भलतेच निरोप पाठवतात, त्याच मुंग्या. थोड्या वेळात थांबल्या तर काळजी नको. रोज येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, मधुमेहातही असं होतं.

तुटलेला मज्जातंतू परत वाढतो का?
हातापायातला अक्षतंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढू शकतो. म्हणजे ३० सेंटिमीटरसाठी दहा महिने. मेंदू आणि मेरुरज्जूत मात्र अशी वाढ जवळपास होत नाही. हेल्मेट का घालायचं, याचं याहून सरळ उत्तर नाही.

आपण मेंदूचा फक्त १०% भाग वापरतो, हे खरं आहे का?
नाही. शरीराच्या वजनाच्या २% असलेला मेंदू, शरीराची जवळपास २०% ऊर्जा खर्च करतो. त्यातला मोठा वाटा निरोपांची ही ये-जा आणि ते सोडियम-पोटॅशियमचे पंप चालू ठेवण्यात जातो. न वापरलेल्या भागावर शरीर इतका खर्च करत बसलं नसतं.

थोडक्यात

चेतापेशीतला निरोप तारेत विजेच्या रूपात टप्प्याटप्प्याने जातो आणि फटीपाशी रसायन बनून पलीकडे पोचतो. फाटक, टोक, कुलूप आणि सफाई, यातली एक जागा जरी बिघडली तरी हात हलत नाही किंवा श्वास थांबतो. कोणती जागा बिघडली यावर औषध ठरतं. बधिर चट्टा असो, फवारणीनंतरचा घाम असो की पहाटे मिटणाऱ्या पापण्या, निरोप कुठेतरी अडलाय हे लवकर ओळखणं आपल्या हातात आहे.

गावाकडच्या ग्रुपवर पावसाळ्याआधी आणि फवारणीच्या हंगामात हा लेख नक्की पाठवा. काही शंका असेल तर खाली कमेंटमध्ये विचारा. भेटूया पुढच्या लेखात.